प्लॉट कोणी दाखवला

अंकुश भोयरनं आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नाही. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. प्रताप नगरात त्याचं ऑफिस होतं. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर व्हॅल्युअरच्या नोंदणीचं सर्टिफिकेट. कर्ज द्यायच्या आधी घराची, प्लॉटची किंमत काढायला बँक ज्याला पाठवते तो हा माणूस. जागेवर जायचं, टेप लावायचा, फोटो काढायचे, आजूबाजूचे भाव विचारायचे आणि रिपोर्टात आकडा लिहून खाली सही करायची. त्या सहीवर बँक पैसे मोकळे करते. कर्ज घेणाराही मनातल्या मनात म्हणतो, बँकेचा साहेब पाहून गेला म्हणजे जागा चोख असणार.

पहिली अकरा वर्षं अंकुशनं काम मिळावं म्हणून कोणाला चहासुद्धा पाजला नाही. तो ज्यांच्या हाताखाली शिकला ते गणपतराव सांगायचे, "काम आपल्या पायानं आलं पाहिजे गा. विकत आणलेल्या कामाचं तोंड आपल्याकडे नसते, विकणाऱ्याकडे असते." गणपतरावांच्या काळात शहरात पाच-सहा व्हॅल्युअर होते, तेव्हा कामाला दुसरीकडे जायला पायच नव्हते. अंकुशच्या वेळेपर्यंत गल्लोगल्ली व्हॅल्युअर झाले. विमानतळाजवळ मिहानचा मोठा प्रकल्प आला, त्याच्या आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडले, कर्ज मिळवून देणारे एजंट उगवले आणि कोणत्या फायलीवर कोण जाणार हे बँकेत नाही, एजंटच्या मोटरसायकलवर ठरू लागलं. अंकुशकडे महिन्याला तीन कामं उरली. मग दोन.

तेव्हा मोहित आला. तिशीतला, गोड बोलणारा, शर्टाच्या खिशात कायम दोन फोन. म्हणाला, "सर, फीचा तिसरा हिस्सा द्या. बाकी काईच नको. लाच नाई हो, रेफरल आहे हे. डॉक्टर नाई देत का?"

अंकुशनं आठवडाभर विचार केला. म्हणजे विचार केला असं तो म्हणतो. खरं तर मुलीच्या कॉलेजची फी भरायची तारीख येईपर्यंत थांबला. मग हो म्हणाला, आणि स्वतःपुरतं एक वाक्य तयार केलं: रेफरल देतो, पण आकडा माझा. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा घोकलं की ते त्याला वडिलांनी सांगितल्यासारखं वाटायला लागलं. आणि मोहितनंही कधी आकडा वाढवून मागितला नाही. त्या बाबतीत माणूस सज्जन होता.

फक्त एक गोष्ट सुटली. गणपतरावांची एक रीत होती. जागेवर गेलं की टेप उलगडायच्या आधी शेजारच्या घराची कडी वाजवायची आणि विचारायचं, हा बाजूचा प्लॉट कोणाचा, किती नंबरचा? नव्या लेआउटमध्ये नंबरांचे दगड कोणी उपटून नेतं, कोणी सरकवतं. नकाशा कागदावर बरोबर असतो, जमिनीवर त्याला विचारतो कोण! पण शेजारी बरोबर सांगतो. नवरा-बायकोच्या भांडणाइतकीच कुंपणाच्या भांडणाचीही त्याला आठवण असते. अंकुशनं ही रीत अकरा वर्षं पाळली होती.

मोहितला ती आवडायची नाही. "सर, शेजाऱ्याले विचारलं का पार्टी बिचकते. वाटते काई लफडं आहे. मी दाखवून राहिलो ना?" पहिल्यांदा अंकुशनं तरी विचारलं. दुसऱ्यांदाही. त्या महिन्यात मोहितकडून दोनच कामं आली. मग कडी वाजवणं आपोआप बंद पडलं. कोणी सांगितलं नाही, कोणी दबाव आणला नाही. ज्याला आपण पैसे देतो तो आपला नोकर, असं आपल्याला वाटत असतं. इथे उलटंच झालं, आणि ते अंकुशच्या लक्षातही आलं नाही.

मार्चमधल्या एका दुपारी मोहित त्याला मिहानच्या पलीकडच्या लेआउटवर घेऊन गेला. कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वेला रस्ता, जमीन सपाट. घेणारी बाई आधीच येऊन उन्हात उभी होती. जयवंताबाई हिवसे, पंचावन्न-छप्पन वर्षांची, सक्करदऱ्यात मुलांची मेस चालवणारी. नवरा नाही, मूलबाळ नाही. तीस वर्षं पोळ्या लाटून साठवलेले पैसे आणि वरून बँकेचं कर्ज, असा तिचा हिशेब. म्हातारपणी भाड्याच्या घरात मरायचं नाही, एवढीच इच्छा. तिनं स्टीलच्या डब्यातून पाणी आणि गुळाचा खडा दिला. अंकुशनं टेप लावला, फोटो काढले. शेजारच्या घराच्या अंगणात एक बाई कुरड्या घालत बसली होती, पंधरा पावलांवर.

निघताना जयवंताबाई त्याच्या गाडीजवळ आली.

"साहेब, हाच ना प्लॉट? मले नकाशातलं काई समजत नाई. तुमी एकडाव सांगा, म्हणजे माह्या जिवाले बरं."

अंकुश तेव्हा फोनवर पुढच्या साईटचा पत्ता पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "हो बाई. हाच."

सात महिन्यांनी, पाया खोदायला घेतला त्या दिवशी, चंद्रपूरहून एक कुटुंब आलं. कोपऱ्याचा प्लॉट त्यांचा होता. एकेचाळीस नंबर, कागद चोख. जयवंताबाईच्या कागदावर सत्तेचाळीस होता, आणि सत्तेचाळीस नंबर होता मागच्या बाजूला, अर्धा नाल्यात आणि अर्धा विजेच्या मोठ्या तारांखाली. तिथे घर काय, गोठासुद्धा बांधता आला नसता. विकणारा पैसे घेऊन कधीच गायब झाला होता. अंकुशनं काढलेला आकडा मात्र अगदी बरोबर होता. फक्त तो दुसऱ्याच्या प्लॉटचा होता.

बँकेचं पत्र आलं तेव्हा अंकुश डबा खात होता. पत्रात लिहिलं होतं: आपल्या रिपोर्टात 'मालमत्ता दाखवणारी व्यक्ती' या रकान्यात 'कर्जदार' अशी नोंद आहे, ती बरोबर आहे काय, हे सात दिवसांत लेखी कळवावे. नोंद बरोबर असल्यास चुकीची मालमत्ता दाखवून बँकेची फसवणूक केल्याबद्दल कर्जदारावर कारवाई करण्यात येईल.

त्यानं रिपोर्ट उघडून पाहिला. होती नोंद. कॉम्प्युटरमध्ये तयार साचा होता, त्यात 'कर्जदार' हा शब्द आधीपासूनच भरलेला असायचा. कित्येक वर्षांत त्या रकान्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, त्यानंही नाही.

म्हणजे तो 'बरोबर आहे' म्हणाला तर प्लॉट गेलेली बाई वरून चोर ठरणार होती. कर्ज एकदम मागितलं जाणार, पोलिसात तिचं नाव जाणार. आणि 'बरोबर नाही' म्हणाला तर पुढचा प्रश्न येणार, मग दाखवला कोणी? तो मोहित तुमच्या गाडीत काय करत होता? एका बँकेच्या पॅनलवरून, म्हणजे व्हॅल्युअरच्या यादीतून, नाव गेलं की बाकीच्या बँका आपोआप काढतात. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरं कोणतं काम त्याला येत होतं?

हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा वाटतो, तसं. त्यानं उरलेली पोळी खाल्ली, डबा धुतला, दुपारी वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटची मापं घेतली. रात्री बायकोनं विचारलं काय झालं. तो म्हणाला, "काही नाही." आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोहित आला. त्याला बातमी आधीच लागली होती.

"सर, कर्जदारच लिवलं ना रिपोर्टात? बस मंग. हो म्हणून टाका, मॅटर खतम."

"तू मला चुकीचा प्लॉट काहून दाखवला?"

"मले विकणाऱ्यानं जो दाखवला तो म्या तुमाले दाखवला. माई काय चूक?" मोहित खरंच दुखावल्यासारखा दिसला. कदाचित खरंही असेल. "अन् सर, बाईचं काय होते? बाईमाणूस आहे, एकटी आहे. कोर्ट सोडून देते. तुमचं पॅनल गेलं तं तुमाले कोण सोडते? माह्या वीस केसेस चालू आहेत तुमच्याकडे."

चहा पिऊन तो गेला. अंकुशनं त्याच्यावर ओरडायला हवं होतं, निदान कप तरी आपटायला हवा होता. त्यानं कप उचलून बेसिनमध्ये ठेवला.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यानं पत्र लिहिलं. 'सदर प्लॉट कर्जदाराने दाखवलेला नाही. मोहित नावाच्या एजंटने दाखवला. रिपोर्टातील नोंद चुकून झाली आहे.' मग एक वाक्य घातलं, काढलं, पुन्हा घातलं: 'सदर एजंटास मी प्रत्येक कामामागे रक्कम देत आलो आहे.' या वाक्यानंतर प्रताप नगरातल्या ऑफिसची पाटी उतरवावी लागणार हे त्याला माहीत होतं. त्यानं वाट पाहिली. आता तरी काहीतरी वाटेल. अभिमान, भीती, काहीही. पंखा फिरत राहिला.

मग तो पत्र खिशात घालून सक्करदऱ्याला गेला. कशाला गेला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटलं की माणसाला ते कोणाला तरी दाखवावंसं वाटतं. बँकेत कौतुक होणार नव्हतं, घरी तर नाहीच. उरली जयवंताबाई.

दुपारचा एक वाजला होता. तिथल्या तलावाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या गॅरेजमध्ये मेस होती. लांब लाकडी बाकं, दहा-बारा पोरं पुस्तकं मांडीखाली दाबून जेवत होती. जयवंताबाई तव्यासमोर बसली होती. अंकुशला तिनं लगेच ओळखलं आणि पदराला हात पुसत उठली. शिव्याशाप ऐकायची तयारी करून तो आला होता.

"या साहेब. भर उन्हात आले. बसा." तिनं पाण्याचा गिलास ठेवला. "तुमालेई फसवलंच म्हना ना त्यानं. म्या बँकवाल्याले तेच सांगतलं, साहेबाची काई चूक नाई."

अंकुशनं खिशातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचताना त्याचा आवाज अगदी सरळ होता. आपल्याच आवाजाचं त्याला आश्चर्य वाटलं.

जयवंताबाईनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "तुमी त्याले पैसे देता? काहून?"

"तो काम पाठवते म्हणून."

"माह्याकडं पोट्टे आपल्या पायानं येतात," ती म्हणाली. टोमणा नव्हता; तिला खरंच समजत नव्हतं. "म्हणजे त्यानं तुमच्यापासूनई नेले अन् माह्यापासूनई."

"तुमच्यापासून कशाचे?"

"तुमचेच ना. साहेबाचे दोन हजार द्या लागते म्हने, नाई तं रिपोर्ट अटकते. म्या देल्ले. तुमाले भेटले असतीन." तिनं आवाज खाली घेतला. "अन् या कागदाचे किती द्याचे ते सांगून द्या. आता एकदम नाई होनार, पण देईन."

आकडा माझा, आकडा माझा, असं चार वर्षं घोकत आला होता अंकुश. या बाईच्या लेखी तो पहिल्या दिवसापासून विकत घेतलेला माणूस होता. तिनं स्वतःच घेतला होता, दोन हजारांत, आणि त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं.

"मले नाही भेटले ते पैसे," तो म्हणाला.

"हो साहेब," ती म्हणाली. वाद घालायची इच्छा नसली की जसं हो म्हणतात, तसं.

"खरंच नाही भेटले."

"असू द्या ना. रीतच हाय ते. कोनी सोडते का?" तव्यावरची पोळी करपायला आली होती, ती तिनं उलटली आणि परत येऊन बसली. "पण साहेब, ते कागदात तुमी एक खोटं लिवून राहिले."

"कोणतं?"

"प्लॉट मोहितनं दाखवला म्हून लिवलं. त्यानं तं मले दोनदा दाखवला होता. पण म्या कुठं मानलं? तो पोरगा बोलाचा, वाऱ्यावर बोलते. म्हून तं तुमाले इचारलं. पैसे घेतलेला मानूस असला तरी डोयानं तं खरंच पायते, असं मले वाटलं. तुमी हो म्हटलं, मंग म्या रजिस्ट्रीले गेली. नाई तं नसती गेली." आवाजात राग नव्हता. राग असता तर अंकुशला जड गेलं नसतं. "प्लॉट तुमी दाखवला, साहेब. तुमचं नाव लिवा."

बाकावरच्या एका पोरानं भात मागितला. ती वाढायला गेली.

अंकुश पत्राकडे पाहत बसला. ती म्हणते ते लिहिलं तर बाई सगळ्यातून सुटत होती. बँकेच्याच माणसानं खात्री दिली म्हटल्यावर तिच्यावर बोट ठेवायला जागा राहत नव्हती, आणि पैशासाठी बँकेलाच विकणाऱ्याच्या मागे धावावं लागणार होतं. तिच्या फायद्याचंच होतं ते. ती हुशारीनं म्हणाली की साधेपणानं, हे त्याला ओळखता आलं नाही. आणि ओळखून तरी काय करायचं होतं? जे म्हणाली ते खरं होतं. मोहितचं नाव पुढे करून तो धैर्य दाखवायला निघाला होता, आणि त्या धैर्याच्या मागे स्वतः लपला होता. कडी वाजवायला पंधरा पावलं चालायची होती. ती मोहितनं थांबवली नव्हती.

त्यानं पेन काढलं. पहिली दोन वाक्यं खोडली आणि वर लिहिलं: 'मोहित नावाचा एजंट मला जागेवर घेऊन गेला. हाच प्लॉट का, असे कर्जदार बाईंनी मला विचारले. मी खात्री न करता हो म्हटले. त्यांना प्लॉट मी दाखवला.' नोंदीचं आणि पैशाचं वाक्य तसंच ठेवलं. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

जयवंताबाई परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. वांग्याची भाजी, वरण, भात, दोन गरम पोळ्या, कडेला ठेचा. त्यानं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. "हं. आता बराबर." आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

तो जेवला. भूक होती की नाही ते कळलं नाही, चवही कळली नाही, ठेचा तिखट होता एवढं डोळ्यांतल्या पाण्यावरून समजलं. ताट स्वच्छ करून तो उठला, हात धुतले आणि भिंतीवर खडूनं लिहिलेला दर वाचला. एक ताट ऐंशी रुपये. त्यानं शंभराची नोट पुढे केली.

"राहू द्या साहेब," जयवंताबाई म्हणाली, "तुमच्यापासून कायचे घ्याचे? तुमी माहं काम केलं."

"नाही, घ्या."

"कामाच्या मानसापासून घेते का कोनी? उलट म्या द्याले पाह्यजे. तुमी येत जा, जेवत जा, तुमाले कवाच..."

"घ्या," अंकुश म्हणाला. नोट त्यानं आणखी पुढे धरली. "घ्या जयवंताबाई. मी तुमचं काही काम नाही केलं. मी जेवलो. जेवल्याचे पैसे घ्या. हात जोडतो तुम्हाला." आवाज फुटला होता, चांगलाच मोठा झाला होता. बाकावरची पोरं घास हातात धरून त्याच्याकडे वळून पाहत होती. एक भला थोरला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि ऐंशी रुपयांसाठी रडतोय.

जयवंताबाईनं नोट घेतली, गल्ल्याच्या डब्यात टाकली आणि त्यातून वीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले.